दुणावलेला ठसा आणि हललेला ठसा



इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज आपण एका सेंटविषयी बोलणार आहोत. सेंट म्हणजे अमेरिकन डॉलरचा शंभरावा भाग. तांब्याचं, जेमतेम १९ मिलिमीटर व्यासाचं, तीन ग्रॅमहून किंचित जास्त वजनाचं नाणं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी नाण्यांत कशाला लक्ष घालावं, असं काहींना वाटेल. त्याचं उत्तर सोपं आहे. आपल्या न्यायशास्त्रात शिंपल्याचा एक जुना दृष्टान्त आहे. वाळूत काहीतरी चमकतं, माणसाला वाटतं चांदी आहे, जवळ गेल्यावर कळतं की शिंपला आहे. दोन वस्तू दिसायला सारख्या, पण घडण वेगळी. मग डोळ्याने पाहिलेलं प्रमाण मानायचं कुठवर, आणि अनुमानाला कामाला लावायचं कुठून, हा प्रश्न उभा राहतो. आज आपल्यापुढे जो सेंट आहे तो हाच प्रश्न विचारतो. फक्त इथे शिंपल्याची किंमत एक सेंट आणि चांदीची हजार डॉलरच्या पुढे असते, एवढाच फरक.

गोष्ट १९५५ सालची, अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीतली. सेंटवर दर्शनी बाजूस अब्राहम लिंकन यांचा मुखवटा असतो. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराने तो घडवला, आणि १९०९ पासून तो चालत आला आहे. मुखवट्याच्या वर 'इन गॉड वुई ट्रस्ट' हे वाक्य, डावीकडे 'लिबर्टी' हा शब्द, उजवीकडे साल. १९५५ मध्ये एके रात्री टांकसाळीतल्या एका यंत्रातून असे सेंट पडू लागले की ज्यांवरचं साल, 'लिबर्टी' आणि वरचं वाक्य ही सगळी अक्षरं दोनदा उमटलेली होती. चष्मा विसरलेल्या माणसाला जसं दिसावं तसं. भिंगाची गरज नाही, हातभर अंतरावरूनही कळतं.

तपासनिसाच्या लक्षात येईपर्यंत त्या एका यंत्रातून सुमारे ४०,००० नाणी पडून गेली होती. यंत्र थांबवलं, ठसा काढून टाकला. पण अडचण अशी की त्यातली बरीचशी नाणी तोवर इतर यंत्रांतल्या चांगल्या नाण्यांत मिसळली होती. वेगळी काढायची तर ढीगच्या ढीग नाणी निवडत बसावं लागलं असतं. न मिसळलेली जी हाती लागली ती नष्ट केली आणि मिसळलेली जाऊ दिली. २०,००० ते २४,००० नाणी बाजारात गेली असावीत, असा अंदाज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

ती लोकांच्या हाती आली तीही मजेशीर रीतीने. त्या काळी सिगारेटचं पाकीट यंत्रातून मिळायचं. किंमत तेवीस सेंट, आणि यंत्र घेणार पंचवीस सेंटचं नाणं. दोन सेंट परत कसे द्यायचे? कंपन्या पाकिटाच्या पारदर्शक कागदाखाली दोन सेंट आधीच सरकवून ठेवायच्या. न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग आणि मॅसॅच्युसेट्स या भागांत सिगारेट ओढणाऱ्यांना पाकिटातून ही दुहेरी अक्षरांची नाणी मिळू लागली. टांकसाळीला जी चूक वितळवून टाकणं महाग वाटलं, तिच्यासाठी आज लोक रांगा लावतात.

हे नाणं घडलं कसं, हे समजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इथे जरा सावकाश जाऊ या, कारण सगळी मेख इथेच आहे.

नाण्यावर चित्र उमटतं ते ठशामुळे. कारखान्यात काम केलेली मंडळी त्याला डाय म्हणतात. पोलादाचा दांडा, त्याच्या तोंडावर चित्र उलटं आणि खोल कोरलेलं. दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती ठेवायची, प्रचंड दाब द्यायचा, की झालं नाणं. पण एका ठशातून लाखो नाणी निघाली की तो झिजतो. म्हणजे ठसे शेकड्यांनी लागतात. प्रत्येक ठसा हाताने कोरत बसलं तर एकासारखा दुसरा होणार नाही. म्हणून ठसा घडवायला आणखी एक साधन असतं, त्याला हब म्हणतात. हबवर चित्र नाण्यासारखंच सुलटं आणि उठावाचं असतं. हब मऊ पोलादात दाबला की ठसा तयार होतो. हब हा ठशाचा बाप आणि नाण्याचा आजोबा, असं समजा.

आता अडचण अशी. धातूला दाबलं की तो कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीतून ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना हे सांगायला नको. तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालत गेलं की तो ताठर होतो, मग पुन्हा तापवून मऊ करावा लागतो, आणि मग पुन्हा ठोके. पोलादाचंही तसंच. हबच्या एका दाबात चित्र पूर्ण खोलीचं उतरत नसे. अर्धवट उतरलेला ठसा काढायचा, भट्टीत तापवून मऊ करायचा, पुन्हा हबखाली ठेवायचा आणि पुन्हा दाबायचा. दुसऱ्यांदा ठेवताना तो अगदी पहिल्या जागी बसला पाहिजे. १९५५ च्या त्या ठशाच्या बाबतीत तेच चुकलं. दुसऱ्या खेपेला तो किंचित फिरलेला राहिला, आणि पहिल्या चित्रावर दुसरं चित्र थोड्या वेगळ्या कोनात बसलं. ठसाच दुणावला.

म्हणून या नाण्याला 'दुणावलेल्या ठशाचं नाणं' म्हणायचं. बोलताना लोक 'डबल डाय' म्हणून जातात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोन ठसे वापरले. तसं नाही. ठसा एकच, नाण्यावर छापही एकदाच. दुहेरीपण नाण्याच्या जन्माआधीच ठशात मुरलेलं आहे.

आणि ते फिरून आलेलं आहे हे नाण्याकडे बघूनही ओळखता येतं. जातं फिरतं तेव्हा खुंट्याजवळचा दाणा थोडाच सरकतो, कडेचा दाणा पुष्कळ सरकतो. १९५५ च्या सेंटवर कडेची अक्षरं आणि साल ठळकपणे दुहेरी आहेत, मध्यावरचा लिंकन मात्र जवळजवळ जसाच्या तसा. दुहेरीपण कडेला जास्त आणि मध्यात कमी असलं, की फिरण्याचा वास येतो.

आता दुसरी वस्तू. तिला इंग्रजी बोलणारे संग्राहक मशीन डबलिंग म्हणतात. आपण यंत्राची दुणावणी म्हणू. इथे ठसा अगदी निर्दोष असतो. पण तो यंत्रात घट्ट बसवलेला नसतो, किंवा यंत्राचे सांधे सैल झालेले असतात. छाप पडते, नाणं नीट उमटतं, आणि ठसा मागे सरण्याच्या त्या क्षणी तो जरासा हलतो. हलताना नुकत्याच उठलेल्या अक्षराच्या कडेला घासून, दाबून जातो. अक्षराची कड चेपून खाली एक सपाट पायरी तयार होते. वरवर बघणाऱ्याला तेही दुहेरी अक्षरच दिसतं.

दोन्हींतला फरक कळायला घरातला रबरी शिक्का आठवा. शिक्का तयार करणाऱ्याने त्यावर अक्षरंच दुहेरी कोरली, तर तुम्ही कितीही स्थिर हाताने मारा, प्रत्येक कागदावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी, तेवढाच उमटणार. उलट शिक्का चांगला आहे पण उचलताना कारकुनाचा हात हलला, तर त्या एका कागदावर फरकाटा पडेल. दुसऱ्यावर पडणार नाही, किंवा पडला तर वेगळ्या बाजूला पडेल. पहिली चूक शिक्क्याची, दुसरी हाताची. पहिली सगळ्या कागदांची सामाईक, दुसरी ज्याची त्याची.

मग हातात एकच नाणं असताना ओळखायचं कसं? भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं पुरे. उजेड एका बाजूने पडू द्या, आणि अक्षराच्या जाडीकडे बघा. खऱ्या दुणावलेल्या ठशात दोन चित्रं कोरलेली असतात, म्हणून नाण्यावर अक्षराला भर पडते. मूळ अक्षर आपल्या पूर्ण जाडीचं राहतं आणि शेजारी दुसरं उभं राहतं. एकूण रुंदी वाढते. यंत्राच्या दुणावणीत नवी भर कुठून येणार? जी पायरी दिसते ती मूळ अक्षराचाच तुकडा चेपून झालेली असते, त्यामुळे उरलेलं अक्षर बारीक होतं. खरी दुणावणी अक्षराला देते, यंत्राची दुणावणी अक्षरातून घेते. हा जमाखर्च एकदा डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

मग दुसऱ्या चित्राचा पृष्ठभाग बघा. खऱ्या नाण्यावर तोही मूळ अक्षरासारखा गोलाईचा, उठावाचा असतो. अक्षरांच्या कोपऱ्यांत, जिथे दोन चित्रं एकमेकांपासून फुटतात, तिथे बारीक खाच दिसते. यंत्राच्या दुणावणीत पायरी सपाट, बसकी आणि बहुधा चकचकीत असते, कारण तिथला धातू नुकताच घासला गेलेला असतो. सुरीने लोण्याची कड दाबली तर जशी दिसेल तशी.

आणखी एक साक्ष म्हणजे ठशाच्या खुणा. ठसा घासून साफ करताना त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि ते प्रत्येक नाण्यावर उमटतात. १९५५ च्या खऱ्या दुहेरी सेंटच्या मागच्या बाजूला, 'सेंट' शब्दातल्या शेवटच्या 'टी' अक्षराच्या डाव्या हाताला अशा बारीक उभ्या रेषा असतात. पैसा आला की बनावटही येतेच. या नाण्याच्या नकला पुष्कळ झाल्या, आणि पारखी लोक आधी नाणं उलटून ती रेष शोधतात. दुहेरी अक्षरं तर नकलाकारही करतो. ज्याच्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही ते आपल्याला बघायचं असतं.

नाणं उलटायचं तर दुसराही एक फायदा आहे. १९५५ च्या या सेंटची मागची बाजू साधी आहे, दुहेरी नाही. यावरून तिसरी एक शक्यता निकालात निघते. समजा नाणं यंत्रात अडकून त्यावर दोनदा छाप पडली असती, तर दोन्ही बाजूंना परिणाम दिसला असता, आणि पहिली छाप बरीचशी चेपून गेली असती. एकच बाजू दुहेरी आहे, आणि दोन्ही चित्रं ठसठशीत आहेत. म्हणजे दोनदा छापलेलं नाणं नव्हे. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात तो हाच. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, आणि कारण नसेल तिथे ते दिसता कामा नये.

इतर सोंगंही आहेत. ती थोडक्यात सांगून टाकू. ठसा झिजत आला की अक्षरांच्या कडा पसरतात आणि एक धूसर सावली दिसते. १९५५ च्याच काही सेंटांवर सालातला शेवटचा पाच असा दुहेरी दिसतो. अमेरिकेत विक्रेत्यांनी त्याला 'गरिबाचं दुहेरी नाणं' असं नाव देऊन विकलं. नावात गोडवा होता, पण तो केवळ झिजलेला ठसा. १९८२ नंतरचे सेंट जस्ताचे असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. छाप पडताना अक्षराशेजारी मुलामा फाटतो, खालचं करडं जस्त डोकावतं, आणि तेही दुहेरीपणासारखं भासतं.

आता आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोधप्रद प्रकरण, १९६९ सालच्या सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या सेंटचं. त्यावर सालाखाली 'एस' हे टांकसाळीचं अक्षर असतं.

त्या सुमारास अमेरिकेत दोन माणसांनी १९६९ सालाचे बनावट दुहेरी सेंट तयार करून बाजारात आणले होते. त्यांच्या नकला फिलाडेल्फियाच्या नाण्यांच्या होत्या, म्हणजे 'एस' नसलेल्या. बनावट नाण्यांचा तपास अमेरिकेत सीक्रेट सर्व्हिस करते. आज ती अध्यक्षांच्या संरक्षणासाठी प्रसिद्ध असली तरी १८६५ साली तिची स्थापना झाली ती मुळात खोटं चलन रोखण्यासाठी. तिचे अधिकारी दुहेरी सेंटच्या मागावर असतानाच, १९७० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचे दुहेरी सेंट संग्राहकांच्या हाती सापडू लागले. अधिकाऱ्यांनी तर्क केला: दुहेरी सेंट बनावट निघाले आहेत, हेही दुहेरी आहेत, तर हेही बनावट. नाणी जप्त झाली. काही नष्टही केली गेली. नंतर मान्य करावं लागलं की ती टांकसाळीतूनच आलेली अस्सल नाणी होती. आजवर सापडलेली अशी नाणी फार थोडी आहेत, शंभराच्या आतबाहेर. २००७ साली एका संग्राहकाला नाण्यांच्या गुंडाळीत एक सापडलं, आणि २००८ च्या लिलावात त्याला १,२६,५०० डॉलर मिळाले. जी नष्ट झाली त्यांचा हिशेब कोण करणार?

ही चूक कुठे झाली ते बघा. 'दुहेरी दिसणं' हा हेतू आणि 'बनावट असणं' हे साध्य, यांच्यात व्याप्ती नव्हती. धूर दिसला तर अग्नी असतो, पण धुकं बघून अग्नी ठरवला तर तो हेत्वाभास. खऱ्याला खोटं ठरवणं हा खोट्याला खरं ठरवण्याइतकाच मोठा दोष आहे. किंबहुना जास्त मोठा, कारण खोटं नाणं पुढेमागे पकडता येतं, पण वितळवलेलं खरं नाणं परत येत नाही.

आणि गंमत अशी की पुरावा नाण्यावरच होता. त्या काळी टांकसाळीचं अक्षर हबवर नसायचं. ठसा पूर्ण तयार झाला की शेवटी कारागीर एक छोटा पंच घेऊन हाताने 'एस' ठोकायचा. म्हणजे घटनांचा क्रम असा: आधी हबचा पहिला दाब, मग दुसरा दाब, आणि मग 'एस'. हबचा दाब चुकला तर साल दुहेरी होईल, 'लिबर्टी' दुहेरी होईल, वरचं वाक्य दुहेरी होईल, पण 'एस' एकेरीच राहील. कारण चूक घडली तेव्हा तो तिथे नव्हताच! १९६९ च्या खऱ्या दुहेरी सेंटवर 'एस' एकटा, स्वच्छ उभा आहे.

यंत्राच्या दुणावणीत काय होईल? ठसा हलतो तेव्हा त्यावरचं सगळं हलतं. साल हलेल आणि सालाखालचा 'एस'ही हलेल. याच साली, याच टांकसाळीत यंत्राची दुणावणी झालेले सेंटही पुष्कळ निघाले, आणि लोक मोठ्या आशेने ते पारख्याकडे नेतात. पारखी आधी 'एस' बघतो. साल आणि 'एस' दोन्ही एकाच दिशेला सारखेच सरकलेले असले, तर विषय संपला.

आपल्या मीमांसकांनी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं. जमिनीवर घट असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून घट नाही. इथे 'एस'वर दुहेरीपण नाही, आणि ते नसणंच सांगतं की बाकीचं दुहेरीपण खरं आहे. जे दुहेरी झालं त्यापेक्षा जे झालं नाही ते जास्त बोलकं आहे. ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

पण सावध राहा. हा नियम ऐकून पाठ केला तर फसाल. १९९० पासून सेंटवरचं टांकसाळीचं अक्षर हाताने ठोकणं बंद झालं, ते आधीच्या पायरीवर मूळ चित्रातच आलं. तेव्हापासून खरा दुणावलेला ठसा असला तर त्याचं टांकसाळीचं अक्षरही दुहेरी होऊ शकतं. १९६९ च्या नाण्याला लावलेली कसोटी तशीच्या तशी पुढच्या नाण्याला लावली तर खरं नाणं खोटं ठरेल. म्हणजे पुन्हा सीक्रेट सर्व्हिसच्या पंक्तीला जाऊन बसायचं.

घडणही बदलली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या टांकसाळींनी हबचा एकच, जबरदस्त दाब देण्याची पद्धत आणली. पुन्हा तापवणं नाही, पुन्हा बसवणं नाही. तेव्हा अनेकांना वाटलं, दुणावलेले ठसे आता इतिहासजमा. पण तसं झालं नाही. ठशाच्या कोऱ्या दांड्याचं तोंड किंचित निमुळतं असतं, म्हणून हब आधी मध्याला टेकतो. त्या क्षणी तो तिरका असला तर मध्यात एक चित्र उमटतं, आणि मग तो सरळ होऊन बसला की दुसरं. त्यामुळे नव्या नाण्यांत दुहेरीपण बहुधा मध्याजवळ सापडतं. २००९ साली लिंकन यांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून निघालेल्या सेंटांपैकी एकावर तरुण लिंकन ओंडक्यावर बसून पुस्तक वाचतो आहे. त्यातल्या काही नाण्यांवर त्याला जादा बोट दिसतं. हात नाण्याच्या मध्याजवळ आहे, म्हणून! १९५५ ची सवय झालेला माणूस कडेची अक्षरं तपासत बसेल आणि बोट सुटून जाईल.

तेव्हा मुद्दा हा की खुणा पाठ करून भागत नाही. खूण कोणत्या घडणीतून आली ते माहीत असावं लागतं. घडण बदलली की खुणेचा अर्थ बदलतो.

इथे संग्राहकांमधला एक जुना वाद सांगितला पाहिजे, कारण तो थेट आमच्या विषयातला आहे. यंत्राची दुणावणी ही टांकसाळीची चूक म्हणायची की नुकसान? अ‍ॅलन हर्बर्ट या अमेरिकन लेखकाने आग्रहाने मांडलं की ते नुकसान आहे. शेवटची छाप पडली की नाणं पुरं झालं. त्यानंतर ठशाने घासलं काय किंवा तुमच्या खिशातल्या किल्लीने घासलं काय, नाण्याच्या दृष्टीने सारखंच. दुसरा पक्ष म्हणतो, नाणं अजून यंत्राच्या तोंडात आहे, बाहेर पडलेलं नाही, ठसाही तोच. मग याला खिशातल्या ओरखड्याच्या रांगेत कसं बसवता?

दोन्ही पक्षांचं म्हणणं नीट पाहिलं तर त्यांचा वाद दुणावणीबद्दल नाहीच. नाणं केव्हा पुरं होतं, याबद्दल आहे. कुंभाराचा घट चाकावर घट होतो की दोरीने कापून खाली ठेवल्यावर, असाच हा प्रश्न. आमचा कल हर्बर्टकडे आहे, तो एवढ्यासाठी की त्याच्या व्याख्येत कारणाला मान आहे. पण हेही सांगितलं पाहिजे की 'नुकसान' म्हटल्याने नाणं वाईट होत नाही. सैल झालेल्या यंत्राचा तो एक प्रामाणिक दाखला आहे. फक्त त्याची किंमत कुतूहलाइतकी, त्याहून जास्त नाही.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांकडे शिवराई असेल. त्यावरची अक्षरं कधी दुहेरी दिसतात, आणि अमेरिकेच्या नाण्यांबद्दल ऐकून कुणी म्हणतं, हीसुद्धा दुणावलेल्या ठशाची. घाई करू नका. शिवराई हातोड्याने पाडलेली. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, तिथे हब नाही. हबच नाही तर हबचा दुसरा दाब कुठून येणार? तिथे दुहेरी अक्षर दिसलं तर पहिला संशय हातोड्याच्या दोन घावांचा. पहिल्या घावानंतर तुकडा किंवा ठसा जरा हलला आणि दुसरा घाव पडला. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या हाताची ती खूण आहे. तिला अमेरिकन नाव देऊन भाव वाढवण्याची गरज नाही. उलट खिशातला आपला आजचा रुपया यंत्राचा आहे, त्याला मात्र हे सगळे प्रश्न जसेच्या तसे विचारता येतात.

श्रोत्यांपैकी कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण इतिहासाशी काय संबंध? संबंध असा की इतिहासाची साधनंही ठशातूनच निघालेली असतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. देशभरातल्या पोथ्या समोर ठेवून पाठ ठरवायचा, तर सगळ्यांत कळीचा प्रश्न हाच असतो. एखादी चूक एकाच पोथीत असेल तर ती त्या लेखकाची डुलकी. तीच चूक, त्याच शब्दात, अनेक पोथ्यांत आढळली, तर त्या पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. पहिली यंत्राची दुणावणी, दुसरी ठशाची. सामाईक चूक वंश सांगते. एकट्याची चूक प्रसंग सांगते. बखर असो, पत्र असो की वर्तमानपत्रातली बातमी असो, दहा ठिकाणी एकच गोष्ट दिसली तर ते दहा साक्षीदार आहेत की एकाच ठशाच्या दहा छापा आहेत, हे आधी विचारावं लागतं.

शेवटी एक व्यवहाराचं बोलू. अशा विषयावर बोललं की नंतर कोणीतरी डबी उघडून नाणं पुढे करतो. डोळ्यांत आशा असते. आजोबांनी परदेशातून आणलेलं असतं, किंवा बाजारात चांगले पैसे मोजून घेतलेलं असतं. बहुतेक वेळा ती यंत्राची दुणावणी निघते. तिथे गोड बोलून वेळ मारून नेऊ नये, आणि एका वाक्यात झिडकारूही नये. भिंग त्या माणसाच्या हाती द्यावं. अक्षर जाड झालंय की बारीक, ते त्यालाच बघू द्यावं. पायरी सपाट आहे की गोल, ते त्यालाच सांगू द्यावं. त्याचं त्याला दिसलं की निराशा होते, पण फसवलं गेल्याची भावना राहत नाही. आणि पुढच्या खेपेला तो स्वतः फसत नाही, दुसऱ्यालाही फसवत नाही. 'गरिबाचं दुहेरी नाणं' विकणाऱ्यांचा धंदा चालतो तो आपल्याला बघायला कुणी शिकवत नाही म्हणून. विकत घेताना विक्रेत्याच्या शब्दाला प्रमाण मानू नका. शब्दप्रमाण आप्ताचं असतं, आणि माल खपवायचा असलेला माणूस त्या वेळेपुरता तरी आप्त नसतो.

उलट बाजूही विसरू नका. शंभर नाणी यंत्राची निघाली म्हणून एकशेएकावं न बघता बाजूला टाकू नका. १९७० साली जप्त झालेली नाणी अशीच, 'हेही त्यातलंच' म्हणून गेली. प्रत्येक नाण्याला त्याचा 'एस' विचारला पाहिजे.

वेळ झाली आहे, इथे थांबू या. कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ, आणि कुणी नाणी आणली असतील तर टेबलावर दोन भिंगं ठेवली आहेत, उजेडही बरा आहे.